नागपूर: हॉलची भिंत ओली, पाण्याचं बिल दुप्पट, प्लंबर म्हणतो बाथरूम फोडा. टाइल्स न फोडता गळती कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलपासून भिंतीला खालून दीड फूट ओल आहे आणि प्लंबर बाथरूमच्या सगळ्या टाइल्स काढायला सांगतोय. कृपा करून अजून छिन्नी लावू देऊ नका. आमच्या मानेवाड्याच्या घरी हीच घाई झाली होती. डाग होता त्याच्या बरोबर मागच्या सहा टाइल्स फोडल्या, तर खाली ठणठणीत कोरडं. गळका एल्बो (पाइपचा वाकडा जोड) निघाला तिथून सात फुटांवर, गीझरखाली. पाणी टाइलखालच्या भरावातून उताराने येत होतं आणि भिंतीपाशी वर चढत होतं. तशा टाइल्स पुन्हा मिळाल्या नाहीत. आईला त्याचं आजही वाईट वाटतं.

मे महिना चालू आहे, ही तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. या उन्हात दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात वाळतात. अशा दिवसांत भिंत वाळत नसेल तर तिला रोज नवं पाणी मिळतंय. पाऊस नाही, म्हणजे गच्ची आणि बाहेरच्या भेगांवर सध्या संशय घ्यायला नको. जूनच्या मध्यानंतर इतकं स्पष्ट कळणार नाही, म्हणून तपासणी आत्ताच उरका.

सुरुवात कूलरपासून करा. त्या भिंतीजवळच्या खिडकीत कूलर असेल तर दोन दिवस तो बंद ठेवा. उकाड्यात जड जाईल, पण फ्लोट (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) अडकला की कूलरची टाकी भरून वाहते आणि पाणी भिंतीवरून गुपचूप उतरतं. कूलरला थेट नळाची लाइन जोडली असेल तर उन्हाळ्यात बिल त्यानेही वाढतं.

मग मीटर. रात्री संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) काठोकाठ भरून घ्या, संपात येणारा कॉक बंद करा, थेट लाइनवरचे नळही बंद ठेवा आणि मीटरचा आकडा लाल अंकांसकट लिहून ठेवा. पहाटे कोणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा पुढे गेला असेल तर गळती मीटरपासून कॉकपर्यंतच्या लाइनमध्ये किंवा थेट लाइनवरच्या फाट्यात आहे. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि अंगणात पुरलेल्या पाइपचे जोड त्या ओढाताणीत सुटतात. मीटरवरचं १ युनिट म्हणजे १,००० लिटर, त्यामुळे रात्रभरात ५० लिटरचा फरक दिसला तरी महिन्याला दीड युनिटाच्या आसपास जातं, आणि दिवसभराची गळती वेगळीच.

त्याच रात्री पंप बंद ठेवून संपाच्या आतल्या भिंतीवर खडूने पाण्याची खूण करा. पाणी उतरत असेल तर कॉक बंदच ठेवून आणखी एक-दोन दिवस बघा. एका ठरावीक पातळीवर येऊन ते थांबलं तर भेग त्याच उंचीवर आहे. ही भेग अंगावर काढू नका. पावसाळ्यात बाहेरचं घाण पाणी त्याच वाटेने आत येतं आणि तेच आपण पितो.

आता वरची टाकी. एका रात्री तिचा खाली येणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा, दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा पण घरातले सगळे नळ बंद. पंप दोन्ही रात्री बंदच हवा. पहिल्या रात्री पातळी तशीच राहिली आणि दुसऱ्या रात्री उतरली, तर दोष भिंतीतल्या लाइनमध्ये किंवा फ्लशमध्ये. फ्लशच्या टाकीत चमचाभर खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय, तो बदलून पातळी पुन्हा बघा. त्यानंतर गीझरला जाणारा कॉक बंद करून पुन्हा एक रात्र बघा. पातळी थांबली तर दोष गरम पाण्याच्या लाइनमध्ये आहे. आमची गळती अशीच सापडली.

दोन्ही रात्री पातळी हलली नाही आणि ओल मात्र आहे, तर सांडपाण्याकडे बघा. ती गळती आंघोळ झाली, मोरी वापरली की वाढते. नाहाणीचं तोंड (बाथरूममधलं पाणी जायचं भोक) कापड कोंबून बंद करा, दोन बोटं रंगीत पाणी साठवा आणि २४ तास थांबा. रंग भिंतीच्या ओलीत उमटला तर गळती तिथलीच.

एवढं झाल्यावर प्लंबरला बोलवा आणि टेस्टिंग पंप आणायला सांगा. लाइनची तोंडं बंद करून दाब दिला की काटा उतरतो की नाही ते तुमच्यासमोरच दिसतं. आमच्याकडे दुसरा आलेला मिस्त्री काटा बघून म्हणाला, "भाऊ, थंडी लाइन चांगली आहे, गरम लाइनच गळून राहिली." त्याने एक फूटच फोडलं. थर्मल कॅमेरा आणणारेही असतात, पण त्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. दुपारी तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर तो फसवतो. पहाटे आणा आणि गीझर चालू करून बघायला सांगा.

ओलीजवळ स्विचबोर्ड असेल तर हे सगळं करण्याआधी त्या बाजूचा एमसीबी पाडा. लहान मुलांना तिथे हात लावू देऊ नका.

दुरुस्तीत गळक्या जागेवर लेप लावून भागवू नका. खराब तुकडा कापून नवा बसवा. जुनी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपची) लाइन आतून गंजली असेल तर ती पूर्ण बदला, नाहीतर पुढच्या वर्षी शेजारचा जोड फुटतो. प्लास्टर करण्याआधी लाइन एक पूर्ण दिवस दाबाखाली उघडी ठेवून बघा. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. आतलं पाणी दुसरीकडे वाट काढतं, लोणा (भिंतीतले पांढरे क्षार) वर सरकतो आणि पोपडे पुन्हा निघतात. गळती थांबल्यावरही आमची भिंत पूर्ण वाळायला दसरा उजाडला, त्यानंतरच आम्ही रंग दिला.