वरचेवर होणारा थनैला आणि आरएनएवरची खूण

प्रश्न : आमच्याकडे चार संकरित गायी आहेत. त्यांतल्या एकीला वरचेवर थनैला (कासदाह) होतो. या आजारात गायीच्या आरएनएत बदल होतो असे वाचले. म्हणजे तिचे जनुक बिघडते का? वासरात उतरते का? तपासणी कुठे करावी?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : जनुक बिघडत नाही. जनुक ही मूळ वही. पेशी तिच्यातून कामापुरती नक्कल उतरवते, ती एमआरएनए, आरएनएचाच एक प्रकार. या नकलेतल्या काही अ‍ॅडेनोसिनांवर (नकलेतल्या चार अक्षरांपैकी एक) पेशी स्वतःच मिथाइल गट नावाचा छोटा रासायनिक तुकडा चिकटवते. ही खूण म्हणजे एम-६-ए. मेट्टल-३ हे विकर (एन्झाइम) ती लावते, एफटीओ पुसते आणि वायटीएचडीएफ-२ हे प्रथिन ती ओळखून नक्कल लवकर मोडीत काढायला लावते. नक्कल जितकी टिकेल तितके तिच्यावरून प्रथिन बनणार. कासदाहात सूज आणणाऱ्या प्रथिनांची सूत्रे काही अंशी या खुणांकडे असतात, म्हणून संशोधकांचे तिकडे लक्ष. मात्र बरेच प्रयोग काचपात्रातल्या कासपेशींवर, ई. कोलाय या जंतूच्या भिंतीतला विषारी अंश टाकून झाले आहेत; गोठ्यात वापरण्याजोगे औषध त्यातून निघालेले नाही. नकला अल्पायुषी, तेव्हा वासराची काळजी सोडा.

आरएनएची तपासणीही गोठ्याची नव्हे. दुधात आरएनए तोडणारी विकरे असतात. नमुना लगेच गोठवला नाही, तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बाटली पोहोचेपर्यंत त्यात वाचण्याजोगे फारसे उरत नाही.

तुमच्या कामाची ती कॅलिफोर्निया चाचणी, गोठ्यातच दूध तपासून कासदाह ओळखण्याची. पहिल्या ३-४ धारा टाकून द्या. पॅडलच्या (चाचणीच्या चार खणी तबकाच्या) चार खणांत चार सडांचे साधारण २-२ मिली दूध घ्या, तेवढेच चाचणीचे द्रावण घाला, १० सेकंद गोल फिरवा आणि लगेच बघा. दाटपणा थोड्याच वेळात विरतो. दूध जेलीसारखे झाले, तर पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत. द्रावणाने पेशी फुटतात आणि आतला डीएनए दाट होतो (आरएनए नव्हे बरं का). व्याल्यावर पहिले काही दिवस आणि गाय आटत आली असताना ही चाचणी फसवते.

वारंवार उलटणाऱ्या थनैल्यात स्टॅफिलोकोकस ऑरियसचा संशय आधी घ्यावा. हा जंतू कासेच्या आत खोल दडतो आणि औषध थांबले की परततो. म्हणून सडात प्रतिजैविकाची ट्यूब चढवण्यापूर्वी दुधाचा नमुना घ्या: सडाचे टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसा, निर्जंतुक बाटलीच्या तोंडाला सड लागू देऊ नका, बाटली बर्फावर ठेवा. ट्यूब आधी चढली तर प्रयोगशाळेत अनेकदा जंतू वाढत नाही, अहवाल कोरा येतो आणि पुढचे औषध अंदाजाने द्यावे लागते. तोवर त्या गायीची धार सगळ्यांत शेवटी काढा. धार झाली की चारा टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. तेवढ्यात सडाचे तोंड मिटते.