अप-डाऊन करणाऱ्याला गाव मत देत नाही

प्रश्न : मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहते. मुलाची एमबीबीएसची इंटर्नशिप दोन महिन्यांत संपतेय. आता म्हणतो पीजीची परीक्षा देणार नाही, मामाच्या गावी जाऊन त्याच्या दवाखान्यात बसणार आणि पुढे निवडणूक लढवणार. माझा भाऊ धारच्या पुढे एका लहान गावात तीस वर्षं प्रॅक्टिस करतो, एकदा नगर परिषदेचा अध्यक्ष होता, मग विधानसभेला हरला. ह्यांनी मुलाशी बोलणं सोडलंय. आमच्यासारख्यांच्या घरात हे कोणी केलेलं नाही. त्याला कसं समजवू?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगते, मला तुमच्या मुलाचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा डिग्री हातात असताना इंदूर सोडून लहान गावात जातो म्हणतोय, हे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून फार कमी ऐकते. बाकी 'आमच्यासारख्यांच्या घरात' हे तर काढूनच टाका मनातून. चिपळूणची मुलगी सून म्हणून आपल्या इंदूरला आली, महापालिकेतून सुरुवात केली आणि १९८९ पासून सलग आठ वेळा इथूनच खासदार झाली, शेवटी लोकसभेची अध्यक्ष. सुमित्राताई महाजनांना आपण सगळ्यांनीच जवळून बघितलंय, त्यांचं घर तरी काय वेगळं होतं आपल्यापेक्षा.

पण म्हणून मुलाचा प्लॅन बरोबर आहे असंही नाही. त्यात एक मोठी गडबड आहे आणि ती राजकारणाची नाही, क्रमाची आहे. इथून पुढचं त्यालाच वाचायला द्या.

बाळा, तू ज्यांच्याकडे बघून हे ठरवलं असशील ते लोक आधी काय करत होते ते नीट बघ. रमण सिंह रायपूरच्या आयुर्वेदिक कॉलेजातून शिकले आणि कवर्ध्याला दवाखाना टाकून बसले, कवर्धा तेव्हा आपल्याच मध्यप्रदेशात होतं. तिथे आधी नगरपालिकेत पार्षद म्हणजे नगरसेवक झाले, १९९० ला आमदार, १९९८ ला हरले, पुढच्या वर्षी लोकसभेला निवडून आले आणि २००३ पासून पंधरा वर्षं छत्तीसगडचे मुख्यमंत्री. आंध्रचे वाय. एस. राजशेखर रेड्डी, गुलबर्ग्याहून एमबीबीएस करून जम्मलमडुगूच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं, मग १९७३ मध्ये पुलिवेंदुलाला वडिलांच्या नावाने सत्तर खाटांचं हॉस्पिटल काढलं आणि १९७८ ला पहिल्यांदा आमदार झाले. पुढे मुख्यमंत्री असताना २००७ मध्ये गरिबांच्या ऑपरेशनचा खर्च सरकारने भरायची आरोग्यश्री योजना आणली, ती मला वाटतं हॉस्पिटलमध्ये पैशावाचून परत जाणारे पेशंट स्वतः बघितलेल्या माणसालाच सुचू शकते. आणि मामाच्या गावापासून फार लांब नसलेला धार जिल्ह्यातला 'मनावर' हा मतदारसंघ बघ, तिथले डॉ. हिरालाल अलावा दिल्लीच्या एम्समधली असिस्टंट प्रोफेसरची नोकरी सोडून परत आले, आदिवासी मुलांचं संघटन उभं केलं आणि २०१८ ला निवडून आले, २०२३ ला परत.

या तिघांच्या जाती, पैसा सगळं वेगळं. पण तिघंही त्या मातीतलेच होते, कोणी बाहेरून येऊन बसलेला नव्हता. तू राजेंद्रनगरचा आहेस. मामाच्या गावात तू सुट्टीत येणारा भाचा आहेस, हे तुला टोचेल पण तिथून सुरुवात करायला हवी.

मी स्वतः माळव्यातल्या एका लहान गावात वाढले आणि आमच्या गल्लीतच एक डॉक्टरकाका होते ज्यांचं सगळं आयुष्य मी बघितलंय. खाली दवाखाना वर घर, रात्री दोनला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पेशंट यायचा आणि काकू आधी गॅलरीतला दिवा लावायच्या मग काका खाली उतरायचे. पैसे 'सोयाबीन निकल जाए फिर दे दूंगा' या बोलीवर, एक लाल वही होती त्यात नावं, आणि अर्ध्या नावांपुढे कधीच काही भरलं गेलं नाही. अठरा वर्षं असं केल्यावर लोकांनीच त्यांना नगर परिषदेला उभं केलं आणि ते अगदी सहज निवडून आले. मग काय झालं, तर सकाळी ओपीडीच्या एका बाकड्यावर तापाचे पेशंट आणि दुसऱ्यावर अर्ज घेऊन आलेले लोक, कोणाला घर-जमिनीच्या कागदावर नाव बदलून पाहिजे, कोणाचं राशन कार्ड अडलंय, कोणी म्हणतोय डॉक्टर साब थाने में एक फोन लगा दो. दुपारी कोणाची तेरावी, संध्याकाळी तीन लग्नं, नाही गेलं तर नाराजी, मधल्या वेळात कलेक्टर ऑफिसची मीटिंग. ताप आलेला माणूस किती वेळ बसेल? दोनदा बसला, तिसऱ्यांदा बसस्टँडजवळच्या नव्या डॉक्टरकडे गेला. कंपाउंडर गोळ्या देऊन चालवत होता ते लोकांना कळत होतंच. मग विधानसभेचं तिकीट मिळालं, शेत विकलं, हरले. पंचावन्नाव्या वर्षी ते परत त्याच खुर्चीवर येऊन बसले तेव्हा बाकडी रिकामी होती आणि मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी त्या घरातली ती दोन वर्षं विसरू शकत नाही.

तरी त्यांना कधी पस्तावा झाला नाही, हेही सांगते. गावात नळाला पाणी आलं ते त्यांच्या वेळेस. लोकांनी हळूहळू परत येणं सुरू केलं कारण रात्री दोनला दार उघडणारा तोच माणूस होता, हे कोणी विसरलं नव्हतं.

म्हणून माझा तुला एकच प्रश्न आहे, तू तिथे झोपणार का? इंदूरहून सकाळच्या बसने जाऊन पाचला परत येणारे मास्तर, पटवारी म्हणजे तलाठी, डॉक्टर आपल्याकडे किती आहेत तुला माहितीये, अख्खा माळवा अप-डाऊनवर चाललाय. औषध त्याच्याकडून घेतात लोक, पण त्याला आपला मानत नाहीत. मामाचे पेशंट मामाचे आहेत, ते खुर्चीबरोबर भाच्याला मिळत नाहीत, मतं तर त्याहून नाही.

तू सरकारी कॉलेजचा असशील तर ग्रामीण सेवेचा बॉण्ड तुझ्यावर असेलच. बरेचजण तो कधी एकदा संपतो म्हणून करतात, तू तीच तुझी परीक्षा समज. शक्य असेल तर मामाच्या गावाजवळचं सरकारी आरोग्य केंद्र माग आणि वर्षभर तिथेच रहा, खोली घेऊन. फक्त लक्षात ठेव, सरकारी नोकरीत असताना कुठल्याही पक्षाचा गमछा गळ्यात नको, स्टेजवर नको, व्हॉट्सॲपवर प्रचार नको, आचरण नियमांत सरळ अडकशील आणि सरकारी पदावर राहून निवडणूक लढवताच येत नाही, आधी राजीनामा द्यावा लागतो. त्या वर्षात रोगी कल्याण समितीच्या मीटिंगला मात्र नक्की बस. ही समिती मुळात आपल्या एमवायची, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलची देणगी आहे. १९९४ ला सुरतेत प्लेग आला त्यानंतर एमवाय रिकामं करून उंदीर मारले, सगळं साफ केलं आणि मग हे टिकायचं कसं म्हणून गावातल्या लोकांना घेऊन समिती केली, ज्याला परवडतं त्याच्याकडून थोडी फी घ्यायची आणि पैसा तिथेच खर्च करायचा. नंतर ते देशभर गेलं. औषधाच्या खोलीत गळती का थांबत नाही, बिल कोणाच्या टेबलावर पडलंय, हे तिथे बसून कळतं आणि तुला हवं असलेलं राजकारण त्याच टेबलाशी सुरू होतं.

पीजीचं म्हणशील तर, निवडून यायला पीजी लागत नाही, रमण सिंह आणि रेड्डी दोघंही पीजीवाले नव्हते. पण हरल्यावर घर चालवायला लागतं. मी तुझ्या जागी असते तर बॉण्डच्या वर्षात अभ्यास करून एकदा मनापासून 'नीट-पीजी' ही प्रवेश परीक्षा दिली असती आणि मेडिसिन, बालरोग किंवा फॅमिली मेडिसिन घेतलं असतं, म्हणजे लहान गावात रोज लागणारं काहीतरी. मोठ्या मशिनींवर चालणारी ब्रांच घेतलीस की इंदूर सुटणार नाही. तीन वर्षं जातात, जाऊ देत. विधानसभेला पंचवीस पूर्ण लागतात, तुला तसाही वेळ आहे. पार्षदाला एकवीस चालतात, पण नगरपालिकांच्या मागच्या निवडणुका बहुतेक ठिकाणी जुलै २०२२ मध्ये आणि धारकडे जानेवारी २०२३ मध्ये झाल्या, त्यांची पाच वर्षं संपतील तेव्हा तू त्या गावात नवाच असशील, त्या वेळी उभं राहू नकोस. कोणाचा तरी बूथ सांभाळ, मतदार यादी घेऊन घरोघरी फिर.

पैशाचंही आत्ताच बोला. विधानसभेची अनामत दहा हजार, वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी पडली तर ती जाते, ते काही फार नाही. पण आयोगाने २०२२ ला आपल्यासारख्या राज्यांत विधानसभेच्या खर्चाची मर्यादा चाळीस लाख केलीये, त्यावरून अंदाज घे की रक्कम किती मोठी असते. ती कुठून येणार आणि ज्याच्याकडून येणार तो नंतर काय मागणार, हे मामाला विचार.

ताई, आता तुमच्यासाठी. भावाला या रविवारी जेवायला बोलवा आणि येताना हरल्यानंतरच्या दोन वर्षांची दवाखान्याची वही घेऊन यायला सांगा. ती मुलाने स्वतः वाचावी, शेजारी त्याच्या बाबांनीही बसावं, मध्ये कोणी भाषण करू नये. त्यानंतरही तो जातोच म्हणाला तर बॉण्डच्या पोस्टिंगचा फॉर्म भरायच्या आधी त्याला माझ्याकडे पाठवा, कुठलं केंद्र मागायचं ते आम्ही नकाशा घेऊन बसून ठरवू.