वाचकांचे प्रश्न : मंडळी केवढी, सेवा केवढी?

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारी साठ-सत्तर माणसं असतात. शेजारच्या गावात चार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या सभेला मोठा मंडप, साउंड सिस्टिम आणि पाचशेची गर्दी. आमच्या पंचकमिटीत आता उघड बोललं जातं, की आपल्या पाळकांच्या सेवेला फळ नाही. मोठी मंडळी म्हणजे यशस्वी सेवा, हे माप बरोबर आहे का?
— एक पंच, नवापूर तालुका

उत्तर : सप्रेम सलाम. पाळकांवर ठपका ठेवण्याआधी त्या पाचशेंची फोड करून पाहा. मंडळीत माणूस चार वाटांनी येतो. कोणी विश्वास धरून नव्याने बाप्तिस्मा घेतो. कोणी ख्रिस्ती घरातच जन्मतो. कोणी दुसऱ्या मंडळीतून उठून येतो. आणि कोणी दुखण्यासाठी प्रार्थना करवून घ्यायला येतो. गुण आला की त्याचं येणं थांबतं, नाही आला तरी थांबतं. तिसऱ्या वाटेने मंडप कितीही भरला, तरी तालुक्यात एक विश्वासणारा वाढत नाही. इकडचा आकडा तिकडे गेला, एवढंच. जुन्या मंडळ्या जवळजवळ आहेत अशा तुमच्या भागात आधी हीच वाट तपासावी.

आता स्वतःचं रजिस्टर उघडा. त्यात हमखास सापडणाऱ्या चुका अशा : मयताचं नाव कापलेलं नसतं, लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे असते, रविवार शाळेची मुलं उपासनेतही धरलेली आणि शाळेतही, आणि हजेरी म्हणून नाताळचा आकडा सांगितला जातो. नाताळला तर सुरतेत कामाला असलेला पुतण्याही येतो! नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) सोडून लागोपाठ चार साधे रविवार मोजा आणि सरासरी काढा. मोठी माणसं आणि मुलं वेगळी धरा.

तुमच्याकडे ही मोजणी वर्षातून दोनदा व्हायला हवी. एक ऑगस्टमध्ये, माणसं गावात असताना. दुसरी फेब्रुवारीत. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत बारडोली, मढी, चलथाणकडे जातात, त्यामुळे ऑगस्टची सत्तर फेब्रुवारीत तीसवर येते. ही घट पाळकांच्या खात्यावर मांडणं अन्याय आहे. मात्र एक प्रश्न त्यांना जरूर विचारा : गेलेल्या चाळीस जणांची यादी तुमच्याकडे आहे का? कोण कोणत्या मुकादमाच्या टोळीत, कोणत्या कारखान्याला, फोन कोणाचा लागतो, टोळीत प्रार्थना चालवू शकणारा एखादा आहे का? तिथे रविवारची सकाळ हाती लागेलच असं नाही. गाडी आली की भरावी लागते. म्हणून निघण्याआधीच प्रत्येक टोळीतल्या एकाला वचन वाचून प्रार्थना घ्यायला शिकवावं, आणि पाळकांनी हंगामात निदान दोन फेऱ्या माराव्यात. ही यादी ज्यांच्याकडे तयार आहे, त्यांची सेवा आमच्या मते पाचशेच्या मंडपापेक्षा कमी भरत नाही.

राहिला त्या मंडपाचा प्रश्न. गर्दी हे पाप नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, मंडळीत सुमारे तीन हजारांची भर पडली, असं लूक ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आकड्यासकट लिहितो (2:41). पण त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वाढलेल्या मंडळीत विधवांची हेळसांड झाली म्हणून कुरकुर सुरू होते आणि सात जण नेमावे लागतात. याचा हिशेब साधा आहे. एक पाळक आठवड्यात तीन संध्याकाळी, रोज दोन घरं, म्हणजे सहा घरांना भेट देतो. वर्षाच्या पन्नास आठवड्यांत तीनशे भेटी. प्रत्येक घरी तीन महिन्यांतून एकदा जायचं, तर पंचाहत्तर घरांपलीकडे त्याचा हात पोचत नाही. मंडळी दोनशे घरांची झाली आणि वडील (पाळकांच्या जोडीने मंडळी सांभाळणारे ज्येष्ठ) नेमलेच नाहीत, तर घराच्या वाट्याला वर्षाला दीड भेट येते. मग आजारपण कळतं ते मातीच्या दिवशी. सासरा इथ्रो याने मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगितलं (निर्गम 18), ते याचसाठी. शेजारच्या पाचशेंत दहा-दहा घरं सांभाळणारे किती आहेत, हे विचारा. असतील, तर मत्सर न करता त्यांच्याकडून शिका.

प्रश्न : आमची मंडळी रेल्वेवाल्यांची. बदल्या आणि निवृत्तीमुळे चाळीसवर आलो. आम्ही अपयशी का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : जंक्शनच्या गावी येणारे-जाणारे असायचेच. तुमच्याकडे बाप्तिस्मा झालेले, तुमच्या तरुण संघात घडलेले आज कल्याणला, नागपूरला कुठल्या मंडळीत काय करतात, याची नोंद ठेवा. तेही तुमच्या सेवेचंच फळ. लढाईला निघालेल्या गिदोनाचे बत्तीस हजार सैनिक देवाने तीनशेवर आणले, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने पाच हजारांना जेवू घातल्यावर पुष्कळ शिष्य परत फिरले. पण या वचनांची उशी करून झोपू नका. लहान असण्यात आपोआप काही पुण्य नाही. तीन गोष्टी तपासा. पाच वर्षांत बाहेरून आलेल्या एकाचा तरी बाप्तिस्मा झाला का? तिशीच्या आतला एक जण तरी उपासना चालवू शकतो का? आणि पंचकमिटीत तीच दोन आडनावं किती वर्षं आहेत? तिन्हींची उत्तरं वाईट असली, तर दोष बदल्यांचा नाही.

प्रश्न : दावीद राजाला लोकांची शिरगणती केल्याबद्दल शिक्षा झाली. मग माणसं मोजावीत का?
— एक भगिनी, अमळनेर

उत्तर : मोजावीत. दावीदाने मोजले ते तलवार चालवणारे, आणि आपलं बळ पाहायला (2 शमुवेल 24). येशूच्या दाखल्यातल्या मेंढपाळाला शंभरातलं एक मेंढरू हरवल्याचं कळलं, ते त्याने मोजलं म्हणूनच.

प्रश्न : पाठबळ देणारे दर तिमाहीला आकडे मागतात. कमी दिसले तर पगार थांबेल, अशी भीती वाटते.
— एक सेवक, अक्राणी

उत्तर : आकडे मागणं गैर नाही. दमोहला जन्मलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी मध्य भारतातच हा प्रश्न लावून धरला, की शाळा-दवाखाने चालतात, पण मंडळ्या का वाढत नाहीत? प्रश्न रास्त होता. बिघडतं ते आकडा आणि पगार एकमेकांना बांधले की. मग सभेत हात वर केलेले सगळे ‘नवे विश्वासणारे’ होतात, आणि तेच हात पुढच्या तिमाहीत पुन्हा मोजले जातात.

अहवालात एकच बेरीज देऊ नका, रकाने पाडा : साध्या रविवारची सरासरी, या तिमाहीतले बाप्तिस्मे, तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी आज येणारे, दुसऱ्या मंडळीतून आलेले, स्थलांतर करून गेलेले, घरसभा स्वतः चालवणारे, आणि स्थानिक अर्पण रुपयांत. तिसरा रकाना सर्वांत बोलका. वीसपैकी सोळा टिकले, तर पाया बरा. वीसपैकी चारच उरले, तर बाप्तिस्म्याआधीचं शिक्षण आखूड पडलं. ते निदान तीन महिने, आठवड्याला एकदा, आणि पावरी बोलणाऱ्यांना पावरीतूनच द्या. अहवालावर तुमच्यासोबत दोन वडिलांच्या सह्या घ्या आणि तोच कागद रविवारी मंडळीत वाचून दाखवा. मंडळीसमोर वाचता येणार नाही असा आकडा वर पाठवू नका.