साडेएक का नाही?

मेलबर्नहून एका आईचं पत्र आलंय. डिसेंबरअखेर तिकडे शाळेची उन्हाळी सुट्टी. अकरा वर्षांचा मुलगा पाच आठवडे नागपूरला आजी-आजोबांकडे येणार. अपूर्णांकांत कच्चा आहे. "एखादा चांगला क्लास सुचवा, नाहीतर पोरगा नुसता आबांच्या मागे बाजारात हिंडेल."

ताई, हिंडू द्या की!

बाजारात "एक पूर्णांक तीन चतुर्थांश" कोणी म्हणत नाही, पावणेदोन म्हणतात. पाव किलो मिरची, दीड किलो वांगी, संत्री सव्वाशेला डझन. आबांनी त्याला गोकुळपेठेत न्यावं, पैसे त्याच्या खिशात द्यावेत आणि हिशेब त्यालाच करू द्यावा. तिसऱ्या दिवशी तो विचारेल, साडेतीन आहे, साडेचार आहे, मग साडेएक का नाही? आपण जन्मभर दीड-अडीच म्हणत आलो, आपल्याला कधी खटकलं नाही. पावणेदोन म्हणजे १.७५ आणि पावणेदोनशे म्हणजे १७५, हेही त्याला भाव करतानाच उमगेल. "काऊन रे पोट्ट्या, मोजून घे ना," असं ठेलेवाला म्हणाला, की मराठीही आपसूक सुधारते.

संत्र्यांचंच घ्या. डिसेंबरातली ती आंबिया बहाराची. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास ही झाडं फुलतात, म्हणून आंबिया. मृगात फुललेली फळं बाजारात येतात ती फेब्रुवारी-मार्चात. दिसायला चकचकीत फळापेक्षा हाताला जड लागणारं निवडावं, हे आबाच शिकवू जाणोत.

एक चूक मात्र करू नका, मी केली आहे. परदेशातली माझी भाची आली होती, तिला मी नागपूरच्या शून्य मैलाच्या खांबाशी नेलं. शेजारच्या षटकोनी दगडावर जबलपूर, हैदराबाद, चांदा (आताचं चंद्रपूर) अशी अंतरं मैलांत कोरलेली आहेत. ती बोटांवर मोजत, १.६ ने गुणत मजेत किलोमीटर काढत होती. घरी आल्यावर मी उत्साहाच्या भरात तिला ते सगळं वहीत लिहायला बसवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, मी नाही येत बाहेर."

म्हणून व्हिडिओ कॉलवर "आज काय शिकलास?" नको. "वांगी काय भावानं मिळाली?" एवढं पुरे.

छेद समान करून बेरीज मांडणं बाजार शिकवत नाही, हे खरं. ते परत गेल्यावर शाळेत होईल, आणि तेव्हा पाऊण म्हणजे किती हे त्याला कोणी सांगावं लागणार नाही.

आबांचे गुडघे दुखत असतील तर कोपऱ्यावरचा ठेलाही चालेल. पहिल्या आठवड्यात वीस-तीस रुपयांचा घोळ होणारच. तो आबांनी मुकाट्यानं सोसायचा, ठेल्यावर परत जाऊन भांडायचं नाही.