युरोपची सहल : आधी वार बघा, मग शहर

प्रश्न : आम्ही पाच जण (नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि तेरा वर्षांची मुलगी) मे महिन्यात पंधरा दिवस युरोपला जाणार आहोत, तेही स्वतःच सगळं आखून. अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम अशी यादी झाली आहे. कोणत्या टूर कधी आणि कोणत्या क्रमाने बुक करायच्या?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यादीतलं एक नाव आधी खोडा. शहर बदलणं म्हणजे हॉटेल सोडणं, बॅगा ओढत स्टेशन गाठणं, गाडी, पुन्हा नवं हॉटेल. यात तरुणांचा अर्धा दिवस जातो, आई-बाबांचा पूर्ण. तुमच्या यादीत अ‍ॅमस्टरडॅम एका टोकाला पडतं, म्हणून ते गाळून पुढचं सांगतो.

बहुतेक लोक आधी विमान आणि हॉटेल ठरवतात, नंतर तिकिटं शोधतात आणि ऐन वेळी लक्षात येतं की हातात असलेल्या एकुलत्या एका दिवशी ती जागा बंद आहे. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. व्हर्सायचा राजवाडा आणि ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. फ्लॉरेन्सचं उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा दिवस फुकट उघडतं आणि तेव्हा आत मुंगीला शिरायला जागा नसते. बुधवारी सकाळी पोप जाहीर दर्शन देतात, त्यामुळे सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहते. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, म्हणजे तो रविवारही टाळायचा. आणि १ मे : लूव्र, व्हर्साय, व्हॅटिकन संग्रहालय, सगळ्यांना सुट्टी.

हे वार कागदावर मांडले की मार्ग आपोआप निघतो. बुधवारी सकाळी पॅरिसला उतरा. त्या दिवशी वेळ बांधलेलं काहीही नको. विमानतळावर पासपोर्ट तपासणीची रांग किती लांबेल सांगता येत नाही. फार तर संध्याकाळी सीन नदीतली बोट. गुरुवारी व्हर्साय. शुक्रवारी लूव्र, पण दुपारनंतरची वेळ घेऊन, कारण बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि सहानंतर गर्दी बरीच ओसरते. शनिवारी आयफेल. रविवारी रेल्वेने स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन. सोमवार, मंगळवार, बुधवार डोंगरात, कारण डोंगराला साप्ताहिक सुट्टी नसते. गुरुवारी व्हेनिस, शनिवारी सकाळी फ्लॉरेन्स, रविवारी उफिझी, सोमवारी सकाळी दीड तासाच्या गाडीने रोम आणि दुपारी कलोसियम, मंगळवारी व्हॅटिकन, बुधवारी परत.

आता रात्री मोजा. पॅरिसमध्ये ४, स्वित्झर्लंडमध्ये ४, इटलीत २+२+२ म्हणजे ६. उतरणार पॅरिसला, तरी शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज इटलीकडे करायचा, कारण ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे अर्ज, असा नियम आहे. (रात्री समसमान निघाल्या तरच पहिला प्रवेश कुठे हे बघतात.) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, मे महिन्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत करून मोकळे व्हा. सोबतचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटांत फारसे पैसे अडकवायची गरज नसते. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, व्हॅटिकनची ६० दिवस आधी, कलोसियमची ३० दिवस आधी. त्या-त्या तारखांचे गजर फोनमध्ये आजच लावून ठेवा. आधी ही तिकिटं, मग त्यांच्या वेळा धरून रेल्वे. हॉटेलं मात्र रद्द करता येतील अशीच घ्या.

दिवसाला वेळ बांधलेली एकच गोष्ट ठेवा. सकाळी उफिझी आणि दुपारी कॅथेड्रलचा घुमट असं दोन्ही घेतलं की एक चुकलं म्हणजे दुसरंही जातं. तसंही घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तो मुलीसाठी आणि तुमच्यापैकी एकासाठी.

मुलीच्या तिकिटाबद्दल : लूव्र, ओर्से, कलोसियम, उफिझी इथे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, मग ती मुलं कुठल्याही देशाची असोत. तरीही बुकिंग करताना तिच्या नावाचं शून्य युरोचं तिकीट घ्यायचंच आणि दारात मूळ पासपोर्ट दाखवायचा. व्हॅटिकनमध्ये तिला सवलत मिळते, मोफत नाही.

प्रश्न : ‘स्किप द लाइन’ तिकिटं दुप्पट-तिप्पट किमतीला दिसतात. खरंच रांग टळते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टळते ती तिकीट खिडकीची रांग. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. आणि खिडकीची रांग अधिकृत ऑनलाइन तिकिटानेही टळतेच. व्हॅटिकनच्या अधिकृत तिकिटाला २० युरो आणि वर आरक्षणाचे ५ लागतात. तेच २५ युरोंचं तिकीट ‘स्किप द लाइन’ म्हणून ६० ला घेतलंत आणि सोबत गाईड नसेल, तर वरचे ३५ फुकट गेले.

मग लोक दलालाकडे का जातात? कारण अधिकृत तिकिटं संपलेली दिसतात. कलोसियमची तिकिटं संगणकी बॉट वापरून घाऊक उचलली जात होती. २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने या प्रकरणात सुमारे २ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कलोसियमच्या तिकिटावर आता नाव असतं आणि ते ओळखपत्राशी ताडून बघतात. इथे मराठी माणसाची हमखास गडबड होते. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत. तिकिटावर तसंच्या तसं लिहा. घरी म्हणतात ते नाव नको, लग्नानंतर बदललेलं पण पासपोर्टवर न चढलेलं आडनाव तर नकोच.

पॅरिसचं नोत्र दाम डिसेंबर २०२४ पासून पुन्हा उघडलं आहे आणि प्रवेश मोफत आहे. रोमचं सेंट पीटर्सही मोफत. या दोन्हींचं नुसतं ‘प्रवेश तिकीट’ कुणी विकत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : प्रत्येक शहरात गाईड घ्यावा की ऑडिओ गाईडवर भागतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जिथे समोरचे दगड स्वतःहून काही सांगत नाहीत, तिथे माणूस हवा. पहिला नंबर रोमन फोरमचा, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांचा. कलोसियमच्या तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते, पण गाईडशिवाय बहुतेकांना तिथे मोडके खांब आणि ऊन एवढंच दिसतं. दुसरा व्हॅटिकनचा, कारण तिथे काय बघायचं यापेक्षा काय सोडायचं हे सांगणारा लागतो. सिस्टिन चॅपलमध्ये गाईडला बोलायला आणि कुणालाच फोटो काढायला परवानगी नाही. म्हणून चांगला गाईड छतावरची चित्रं आधीच बाहेर फलकांवर समजावून देतो. बुकिंग करताना हे विचारून घ्या. इथे गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत. मे महिन्यातल्या हाफ पँटवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

लूव्रला दोन तासांचा गाईड उपयोगी पडतो. आयफेल, सीनमधली बोट, व्हेनिसच्या गल्ल्या, स्वित्झर्लंडचे डोंगर इथे गाईडवर पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाच जणांच्या कुटुंबाने खासगी गाईडचा हिशेब जरूर करावा. समजा, कलोसियम-फोरमची ग्रुप टूर माणशी ५५ युरो पडते, म्हणजे पाच जणांचे २७५. खासगी गाईड तीन तासांचे २३० घेतो असं धरा, त्यात चार मोठ्यांची साधी तिकिटं १८ च्या दराने ७२, एकूण ३०२. वरच्या २७ युरोंत वेग तुमचा, बसायची जागा तुमची आणि आजी-आजोबांचे प्रश्नही तुमचेच. मात्र तिकिटं कोण काढणार हे लेखी ठरवा, कारण ‘गाईड आला पण तिकीट नाही’ हा घोटाळा इथेच होतो. इटलीत आणि फ्रान्समध्ये गाईडकडे सरकारी परवाना असतो. गळ्यातलं कार्ड बघायला संकोच नको.

‘फ्री वॉकिंग टूर’ फुकट नसतात, टिपवर चालतात. आवडली तर माणशी १०-१५ युरो द्यायची रीत आहे. पहिल्या संध्याकाळी शहराची ओळख म्हणून छान. पण दोन-अडीच तास उभ्याने चालावं लागतं.

प्रश्न : आम्ही ग्रुप टूरने जातोय. कार्यक्रमपत्रिकेत ‘फोटो स्टॉप’, ‘पॅनोरमिक सिटी टूर’ असे शब्द आहेत. नेमकं काय मिळतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं खाली उतरून फोटो काढणं. ‘पॅनोरमिक’ म्हणजे बसच्या खिडकीतून बघणं. तेव्हा रोममध्ये कलोसियमला वळसा पडेल, आत पाऊल नाही. ‘प्रवेशासह’ असा शब्द असेल तरच आत जाणं. पैसे भरण्याआधी कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा : आयफेलचा दुसरा मजला की शिखर? व्हॅटिकन संग्रहालय की फक्त सेंट पीटर्सचं अंगण? स्थानिक गाईड किती तास? गोंडोला दरात आहे का? आपला टूर मॅनेजर कितीही जाणकार असला तरी इटलीत परवान्याशिवाय त्याला गाईडचं काम करता येत नाही. व्हेनिसमध्ये २०२४ पासून एका गाईडमागे २५ च माणसं चालतात आणि लाउडस्पीकरला बंदी आहे. चाळीस जणांची बस असेल तर दोन गाईड ठरवले आहेत ना, हे विचारा.

गोंडोलाचा अधिकृत दर माणशी नसून नावेमागे असतो : दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. एका नावेत पाच जण बसतात. ‘पर्यायी सहल’ म्हणून माणशी मोठी रक्कम सांगितली, तर पाचने गुणून बघा.

प्रश्न : युंगफ्राउयोखची (इंटरलाकेनजवळचं उंच डोंगरावरचं रेल्वे स्टेशन) तिकिटं आधी काढावीत का? वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे.
– एक वाचक, पणजी

उत्तर : आधी काढून ठेवलं आणि वर ढग असले, तर भरपूर पैसे मोजून पांढरी भिंत बघून खाली यायचं. म्हणून इंटरलाकेनला किमान तीन रात्री ठेवा आणि दिवस आदल्या संध्याकाळी ठरवा. सकाळी उठल्यावर आधी शिखरावरचा वेबकॅम बघा. खाली पाऊस असताना वर लख्ख ऊन असू शकतं आणि याच्या उलटही. खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर जाऊ नका. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत पूर्ण चालतो, त्यापुढे २५ टक्के सवलत मिळते. मे महिन्यात काही रज्जुमार्ग देखभालीसाठी बंद असतात. ज्यावर जायचं त्याच्या तारखा तपासा.

वरचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे आणि आपण एका सकाळीत तिथे पोचतो, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. दम लागतो, डोकं दुखतं. डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. ते नको म्हणाले तर वडिलांसाठी हार्डर कुल्म आहे : १,३२२ मीटर, इंटरलाकेनहून दहा मिनिटांची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरावरची रेल्वे), वर दोन तलावांचा देखावा आणि बसायला उपाहारगृह.

प्रश्न : अ‍ॅन फ्रँक हाऊसची तिकिटं कधीही बघा, संपलेलीच. काय चुकतंय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वार आणि घड्याळ. दर मंगळवारी नेदरलँड्सच्या वेळेनुसार सकाळी दहाला, सहा आठवड्यांनंतरच्या तिकिटांची विक्री सुरू होते आणि ती फक्त त्यांच्या संकेतस्थळावर. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो, हिवाळ्यात अडीच. पाच-दहा मिनिटं आधीच संकेतस्थळावर रांगेत राहा. ‘अ‍ॅन फ्रँक वॉकिंग टूर’ नावाने जे विकलं जातं ती गल्ल्यांतून फिरवणारी टूर असते. त्या घरात प्रवेश त्यात नसतो.

आणि ऐन वेळी कार्ड नाकारलं जाऊ नये म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार’ आदल्या दिवशी चालू करा. नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात. पैसे रुपयांत भरायचे की युरोंत असं विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. तिकडे गेल्यावरही काही बुकिंग करायचं असेल, तर भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही.

प्रश्न : इटलीत स्वयंपाकाचा वर्ग किंवा फूड टूर शाकाहाऱ्यांना जमते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पास्ताचा वर्ग उत्तम जमतो, पण ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. अंडं चालत नसेल तर रवा-पाण्याचा पास्ता शिकवतात का विचारा. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं, त्यामुळे कडक शाकाहाऱ्यांनी ते टाळावं. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्याच शब्दावर भागत नाही. मांस, मासे, अंडी, प्राण्यांच्या हाडांचा रस्सा यांपैकी काय नको हे बुकिंगच्या टिपणीत एकेक लिहा. फूड टूर घ्यायचीच असेल तर माणसं कमी असलेली घ्या. मोठ्या गटात पाच दुकानांपैकी तीन ठिकाणी तुमच्या वाट्याला नुसता पाव येतो.