जुनी चौकट ठेवावी की काढावी?

प्रश्न : डोंबिवलीत आमचा जुन्या इमारतीत फ्लॅट आहे. लाकडी खिडक्या पावसाळ्यात फुगतात, बेडरूममध्ये खिडकीखाली ओल येते. फॅब्रिकेटर म्हणतो, चौकट राहू द्या, तिच्या आत ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवतो. गवंडी म्हणतो, चौकट काढाच. कुणाचं ऐकावं?

उत्तर : सगळ्याच खिडक्यांना एकच उपाय लावू नका. प्रत्येक चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. ते सहज आत रुतलं तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर सरकती झडप तिरकी चालेल आणि लॉक जुळणार नाही.

लाकूड टणक, चौकट काटकोनात आणि भिंत कोरडी असेल, तर फॅब्रिकेटरचं ऐका, तोडफोड वाचते. मात्र चौकटीत चौकट आल्याने उजेड थोडा कमी होतो. शिवाय दोन झडपांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, हे वाऱ्याच्या खोलीत आधीच लक्षात घ्या.

बेडरूमची चौकट मात्र काढाच. तिथलं पाणी बहुधा चौकटीखालच्या सांध्यातून मुरतंय; वर नवं ॲल्युमिनियम चढवलं तरी ते मुरतच राहील. होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) निघताना बाजूचा गिलावा पडतो, तो धरूनच खर्च विचारा. खाली ग्रॅनाईटची पट्टी बसवताना बाहेरच्या बाजूला सुमारे १ सेंमी उतार द्या. पट्टी भिंतीबाहेर इंचभर काढा आणि तिच्या खालच्या अंगाला खाच मारून घ्या, म्हणजे पाणी तिथेच तुटून पडतं, उलटं भिंतीकडे येत नाही. या खाचेचा गवंडी कंटाळा करतात. उभं राहून करून घ्या.

ग्रॅनाईट बसेपर्यंत फॅब्रिकेटरला माप घेऊ देऊ नका. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजून सगळ्यांत कमी आकडा धरायचा आणि प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिमी फट ठेवायची. फटीत सिमेंट नको, तडकतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही. खालच्या ट्रॅकमधून स्क्रू मारू देऊ नका, त्याच भोकातून पाणी उतरतं. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाची पाणी जायची भोकंही सिलिकॉनने बुजलेली नसावीत. पैसे चुकते करण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते सगळं बाहेर पडलं पाहिजे.