सवानात कारखाने नाहीत, मग हवेत कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन कुठून येतो?

तुम्ही विचारलंय की उपग्रहाच्या नकाशात आफ्रिकेतल्या अंगोला-झांबियाच्या सवानावर, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानावर, दर ऑगस्ट-सप्टेंबरला कार्बन मोनॉक्साइडचा लालभडक डाग का दिसतो, आणि हा वाळवीचा प्रताप आहे का. वातावरणातल्या वायूंचा अभ्यास हेच माझं काम, त्यामुळे हा डाग ओळखीचा आहे. नासाच्या टेरा उपग्रहावरच्या, कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या मॉपिट यंत्राने 2000 पासून तो वर्षानुवर्षं टिपलाय.

तो डाग वणव्यांचा. बहुतेक वणवे माणसंच लावतात. गुरांना कोवळं गवत मिळावं, शेत मोकळं व्हावं म्हणून. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसात नवं गवत बराचसा परत ओढून घेतं, म्हणून मला त्याची फारशी काळजी वाटत नाही. हिशेब बिघडतो तो अर्धवट जळण्याने. एक किलो वाळलं गवत जळलं की साधारण 65 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि दोनेक ग्रॅम मिथेन सुटतो. गवत भडकून जळलं तर कमी. ओंडके, शेण, ओलसर काटक्या धुमसत राहिल्या तर जास्त.

ओझोन मात्र थेट आगीतून निघत नाही. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यावर ऊन पडून तो वाटेत तयार होतो. म्हणून त्याचा मोठा साठा वणव्यांपासून दूर, दक्षिण अटलांटिकवर सापडतो. 1992 साली सफारी-92 आणि ट्रेस-ए या संशोधन मोहिमा त्याचाच छडा लावायला निघाल्या. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ठरवून आगी लावून धूर मोजला गेला. ब्राझीलचे वणवे आणि विजा यांचाही वाटा निघाला.

पावसाने आगी विझतात, पण वायू थांबत नाहीत. कोरड्या मातीत महिनोन्‌महिने नायट्रोजन साठलेला असतो आणि जिवाणू निपचित पडलेले असतात. पहिली सर येताच ते जागे होतात, काही तासांत नायट्रिक ऑक्साइडचा (ओझोन घडवणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपैकी एकाचा) लोंढा सुटतो आणि थोड्याच दिवसांत ओसरतो. पुढच्या सरींना तो जोर नसतो. (पहिल्या पावसाचा मृद्‌गंध वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

राहिली वाळवी. तिचा वायू मिथेन, तुमच्या नकाशातला नव्हे. 1982 च्या एका शोधनिबंधाने तिच्या नावावर वर्षाला 15 कोटी टन मिथेन मांडला आणि गवगवा झाला. आजचे अंदाज कोटीभर टनाच्या आसपास आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सवानात वारुळं तपासली तेव्हा कळलं, की आत तयार झालेला जवळपास निम्मा मिथेन वारुळातले आणि त्याखालच्या मातीतले जिवाणूच फस्त करतात.